श्वासाऐवजी सावली : अतिदक्षता विभागातून घरी परतलेल्या एका शिक्षिकेचं प्रकरण

हे प्रकरण एका व्यक्तीचं नाही. गंभीर आजारातून वाचलेल्या, पण मनाने अजून तिथेच अडकलेल्या काही जणांबरोबरच्या कामातून ते जोडून घेतलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि चाचण्यांचे गुण उदाहरणादाखल आहेत.

मला काय म्हणायचं आहे ते सुरुवातीलाच सांगते. चित्रं काढणं, सजगता म्हणजेच माइंडफुलनेस, झाडांमध्ये चालणं हे हल्ली सौम्य उपचार म्हणून सरसकट कुणालाही सुचवले जातात. ते सौम्य आहेत की नाहीत, हे त्या माणसावर काय गुदरलं आहे त्यावरून ठरतं. आणि पीटीएसडीसारख्या, म्हणजे भयंकर प्रसंग सरल्यावरही मनात तो चालूच राहतो अशा त्रासात ते मूळ उपचाराची जागा घेत नाहीत. ज्याला त्या आठवणीच्या जवळसुद्धा जाववत नाही, त्याला तिथपर्यंत पोचण्याचं बळ ते देऊ शकतात. हे काम मोठंच आहे, पण ते वेगळं काम आहे.

काय झालं होतं

वय ४७, गणिताच्या शिक्षिका. न्यूमोनिया बळावला, ऑक्सिजन पुरेना, आणि त्यांना ११ दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. नळी काढल्यावरही आठवडाभर मुक्काम अतिदक्षता विभागातच होता. फुप्फुसं हळूहळू सावरली. माझ्याकडे आल्या तेव्हा या सगळ्याला सहा महिने होऊन गेले होते, आणि तपासण्यांचे कागद पाहणारा कुणीही म्हणाला असता की त्या बऱ्या झाल्या आहेत.

त्यांना पाठीवर झोपता येत नव्हतं. तोंडाजवळ पांघरूण आलं तरी दचकून जाग यायची. कुठल्याही यंत्राचा बीप ऐकू आला की हात गार पडायचे. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. वर्षानुवर्षं शिकवलेलं समीकरण तिसऱ्या पायरीवर हातातून निसटायचं, आणि विद्यार्थ्यांसमोर असं अडखळणं त्यांना आजारापेक्षा जास्त लागलं होतं. घरचे म्हणत, "तू वाचलीस, आता आनंदात राहा." हे ऐकलं की त्या चिडायच्या, आणि चिडल्याबद्दल मग स्वतःलाच दोष द्यायच्या.

अतिदक्षता विभागातून परतल्यावर शरीर, बुद्धी आणि मन या तिन्ही पातळ्यांवर मागे राहणाऱ्या अशा त्रासाला २०१२ पासून पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम हे नाव आहे. तोवर रुग्ण वाचला की गोष्ट संपली, असंच बहुतेकांना वाटायचं. अजूनही घरोघरी तसंच वाटतं.

त्यांच्या बहिणीने काळजीपोटी फोनवर ध्यानाचं एक अ‍ॅप घालून दिलं होतं. डोळे मिटा, सगळं लक्ष श्वासावर आणा, इथून त्याची सुरुवात. दोन मिनिटांच्या आत छाती आवळून आली, घशात नळी असल्यासारखं वाटलं आणि त्या खोलीबाहेर पळाल्या. दोनतीनदा तसंच झाल्यावर त्यांनी निष्कर्ष काढला, आणि पहिल्याच भेटीत मला तो ऐकवला : "लोक ध्यानाने शांत होतात. मला तेवढंही जमत नाही."

मी त्यांना म्हटलं की त्यांचं शरीर अगदी बरोबर वागलं. ११ दिवस त्यांचा श्वास त्यांच्या हातात नव्हता. तो यंत्र देत होतं, कधी द्यायचा आणि किती द्यायचा हे दुसरं कुणी ठरवत होतं, आणि घशातल्या नळीमुळे त्यांना "थांबा" असं म्हणतासुद्धा येत नव्हतं. अशा माणसाला डोळे मिटून श्वासाकडे बघ असं सांगणं म्हणजे त्याला नेमकं धोक्याच्या जागी नेऊन एकटं सोडणं.

श्वास ही सजगतेतली नेहमीची सुरुवात आहे, सक्तीची नाही. जॉन काबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जो आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यातसुद्धा श्वासाबरोबर चालणं होतं, शरीराचं निरीक्षण होतं, आवाज ऐकणं होतं. पुढे त्यातून नैराश्यासाठी जी पद्धत घडली, तिच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांमध्ये ते उलटण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आलं. निष्कर्ष ठोस आहे. पण तो त्या लोकांपुरता आहे. ज्यांना दोनदाच नैराश्य आलं होतं त्यांना त्याच अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. ही दुसरी ओळ अ‍ॅपच्या जाहिरातीत कधी येत नाही.

मूल्यमापन

पीटीएसडीची लक्षणं मोजणाऱ्या पीसीएल-५ प्रश्नावलीत ८० पैकी ४४ गुण आले. ३१ ते ३३ च्या वर गेल्यास सविस्तर तपासणी करावी असा संकेत आहे, आणि मुलाखतीतूनही निदान पक्कं झालं. नैराश्याच्या पीएचक्यू-९ वर २७ पैकी १६. आत्महत्येच्या विचारांबद्दल मी थेट विचारलं. "सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं वाटतं कधीकधी. पण मी काही करणार नाही," असं उत्तर आलं. त्यावर आम्ही लगेच, त्याच भेटीत, सुरक्षेचा आराखडा लिहून काढला : कुठल्या खुणा दिसल्या की कुणाला फोन करायचा, रात्री कुणाला उठवायचं. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी औषध सुरू केलं. हे औषध शेवटी परिणाम तोलताना लक्षात ठेवायचं आहे.

पीटीएसडीवर पहिली पसंती आघातावर थेट काम करणाऱ्या उपचारांना असते, आणि तेच मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "त्या दिवसांबद्दल मला विचारू नका. विचारलंत तर मी पुन्हा येणार नाही."

मला ही अट योग्य वाटली. ज्या माणसावर इतके दिवस सगळं त्याला न विचारता झालं, त्याने उपचारात पहिला शब्द "नाही" हा उच्चारावा आणि तो पाळला जावा, हे माझ्या मते उपचाराचंच पहिलं पाऊल होतं. आम्ही ठरवलं की त्या स्वतः काढतील तेव्हाच तो विषय निघेल. तोवर बाहेर भेटायचं, कारण बंद खोलीत छताकडे नजर गेली तरी त्या अस्वस्थ व्हायच्या.

बाहेर जाण्याआधी

उघड्यावर सत्र घेणं म्हणजे क्लायंटला फिरायला नेणं नव्हे. खोलीच्या चार भिंती ज्या गोष्टी आपोआप सांभाळतात, त्या बाहेर शब्दांत ठरवाव्या लागतात.

सर्वांत आधी छातीरोगतज्ज्ञांशी बोलणं झालं. चालताना ऑक्सिजन किती खाली जातो, कुठे थांबायचं, धाप लागली तर ती घाबरल्याची आहे की फुप्फुसांची हे कसं ओळखायचं. हे कळल्याशिवाय "ही फक्त चिंता आहे" असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. मग गोपनीयता. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, हे त्यांनी ठरवलं : "सोबत चालतोय," एवढंच. कुणी कानाच्या टप्प्यात आलं तर बोलणं थांबवायचं. वाट आधी दोघींनी मिळून पाहिली, बसायच्या जागा आणि बाहेर पडायचे रस्ते कळेपर्यंत. पाऊस आला तर कुठे जायचं, रडू आलं तर कुठे बसायचं, सत्र कुठल्या जागी संपलं असं समजायचं, हे सगळं कागदावर आणि त्यावर त्यांची संमती. थांबायचा इशारा म्हणून हात वर करायचा. तो का केला, हे सांगायची गरज नाही.

बाहेर चालताना माणसं शेजारीशेजारी असतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. गप्प राहिलं तरी अवघडत नाही. त्यांच्यासारखीला हे फार मानवलं.

सावली

सुरुवातीला सजगतेसाठी मी तळपाय दिले होते. डोळे उघडे, उभं राहून, अर्धं मिनिट फक्त बुटाच्या आतल्या टाचेवरचा भार. ते त्यांना जमलं. पण खरी वाट त्यांनीच शोधली.

तिसऱ्या भेटीत, बसलो होतो तिथल्या कुंपणाच्या एका खांबाकडे बघत त्यांनी विचारलं, "मी याची सावली मोजू?" टाचेला चवडा लावत त्यांनी मोजली : साडेदहा पावलं. सत्र संपताना पुन्हा मोजली, साडेसात. त्यांनी ते वहीत लिहिलं, वेळेसकट. मग सहज म्हणाल्या, "तिथे वेळच नव्हती. दिवा कधी बंदच व्हायचा नाही. मी एकदा मोजायला लागले होते, पण कशाचं मोजायचं तेच कळेना."

अतिदक्षता विभागाबद्दल त्या बोललेलं हे पहिलं वाक्य. मी पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर खांबाची सावली हाच आमचा सजगतेचा सराव झाला. सकाळच्या तिरप्या उन्हात सावलीचं टोक मिनिटाला साधारण बोटाच्या रुंदीएवढं सरकत होतं. टोकापाशी एक खडा ठेवायचा आणि सावली त्याच्यावरून उतरेपर्यंत बघत राहायचं. मन भरकटलं की पुन्हा त्या कडेकडे यायचं. लक्ष एका जागी आणणं, ते सुटलं हे ओळखणं, न चिडता परत आणणं : सजगतेत जे शिकवतात ते सगळं यात आहे. श्वास तेवढा नाही. आणि श्वास जे देऊ शकला नसता ते सावलीने त्यांना दिलं. वेळ पुढे सरकते आहे याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा. पीटीएसडीत भूतकाळ संपलेला नसतो, तो आत्ता चालू असल्यासारखा वाटतो. अशा मनाला "ते दिवस गेले" हे सांगून पटत नाही.

निसर्गात मन का सावरतं याचं एक स्पष्टीकरण रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ मध्ये मांडलं. कष्टाने टिकवावं लागणारं लक्ष थकतं. पानांची हालचाल, पाणी, ढग हे लक्ष अलगद धरून ठेवतात आणि तेवढ्यात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. तिसऱ्या पायरीवर समीकरण निसटणाऱ्या शिक्षिकेला ही कल्पना लगेच पटली. याहून जुना आणि त्यांच्या अनुभवाजवळचा अभ्यास रॉजर उलरिक यांचा, १९८४ चा. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठे मनोरे उभारू नयेत. पण खिडकीलाही उपचारात जागा आहे, हा विचार रुग्णालयं बांधणाऱ्यांच्या डोक्यात शिरला त्याला या अभ्यासाचा मोठा हातभार लागला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एके दिवशी आभाळ भरलेलं होतं, सावलीच नव्हती, आणि त्या इतक्या बेचैन झाल्या की परत जाऊ म्हणाल्या. एकाच आधारावर भिस्त ठेवण्याचा हा धोका असतो. त्या दिवशी आम्ही दूरचा आवाज, जवळचा आवाज, आपल्या पावलांचा आवाज अशा क्रमाने ऐकण्याचा सराव सुरू केला आणि तो पुढे कायम ठेवला. दुसऱ्या एका सत्रात रस्त्यावरून सायरन वाजवत रुग्णवाहिका गेली. त्या जागच्या जागी थिजल्या. मी त्यांच्यापासून थोडं अंतर ठेवून, आपण कुठे आहोत, किती वाजले आहेत आणि दोघींपैकी कुणालाही कुठे न्यायचं नाही, एवढं सांगितलं. तळपाय जमिनीत दाबायला सांगितलं. बऱ्याच वेळाने हात वर झाला. आम्ही बसलो.

कागदाची पट्टी

आठदहा भेटींनंतर त्यांनी स्वतःच विषय काढला, आणि तोही गणिताच्या वाटेने. "माझ्याकडे त्या दिवसांचा आलेख नाही."

मग गुंडाळीच्या कागदाची एक लांब पट्टी घेतली. त्यांनी मोजपट्टीने आखून तिचे दिवसाप्रमाणे भाग पाडले. वरच्या ओळीत इतरांना माहीत असलेलं : डिस्चार्जचे कागद, रुग्णालयाकडून मागून घेतलेल्या नोंदी, आणि पतीने नातेवाइकांना रोज पाठवलेले संदेश, जे तारीखवेळेसकट फोनमध्ये होते. खालच्या ओळीत त्यांना आठवणारं, तेही शब्दांत नको वाटलं तर नुसत्या रंगात. चित्रकला यायची गरज नव्हती. खालची ओळ बराच काळ कोरी राहिली. मग तिथे काळ्या ठिपक्यांचे चौकोन आले, म्हणजे छत. आणि एक करडा, जाड, खूप दाबून भरलेला आयत. खडू दोनदा मोडला.

त्या आयताबद्दल त्यांनी हळूहळू सांगितलं. रोज कुणीतरी येऊन त्यांना उचलून बर्फाच्या लादीवर ठेवतं. वजन करतात. विकायला. एका नर्सला त्या ओळखायच्या, ती या टोळीची मुख्य. नळी निघाल्यावर त्यांनी तिला तोंडावर चोर म्हटलं होतं. सहा महिने हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. भीतीपेक्षा लाज जास्त होती.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये असा बुद्धिभ्रम, ज्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, अतिशय सामान्य आहे. काही अभ्यासांत तो दहापैकी आठ जणांत आढळला. औषधं, जंतुसंसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, मोडलेली झोप हे सगळं मिळून तो घडतो. या भ्रमाच्या आठवणी धूसर नसतात, उलट फार ठसठशीत असतात, आणि मागाहून जास्त छळतात त्या याच. मी हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "म्हणजे हे इतरांनाही होतं?"

घरी पट्टी पसरून त्यांनी पतीला लादीबद्दल विचारलं. त्यांनी क्षणात सांगितलं, "अगं, एक्स-रे. रोज सकाळी यायचे. पाठीखाली प्लेट सरकवायचे, गार असते ती." वरच्या ओळीत नोंदी होत्याच, जवळजवळ रोज सकाळी छातीचा एक्स-रे. पुढच्या भेटीत त्यांनी करडा आयत खोडला नाही. मोजपट्टी धरून खालच्या ओळीतून वर सरळ रेघ मारली, आणि तिच्यावर लिहिलं : एक्स-रे.

अशा आणखी काही रेघा निघाल्या. काही रंगांना वर कशाचीच जोड मिळाली नाही. ते तसेच ठेवले. इथे उपचार करणाऱ्याचा मोह आवरावा लागतो. रिकाम्या जागी आपण पटेल असं स्पष्टीकरण घातलं तर ते उद्या आठवण बनून बसतं.

या पट्टीची कल्पना मी आयसीयू डायरीवरून घेतली होती. रुग्ण बेशुद्ध असताना परिचारिका आणि घरचे रोज चार ओळी लिहितात आणि बरं झाल्यावर ती वही त्याला देतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या ३५२ रुग्णांच्या चाचणीत डायरी मिळालेल्यांपैकी ५ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी सुमारे १३ टक्के लोकांत नव्याने पीटीएसडी दिसला. पण २०१९ मध्ये फ्रान्समधल्या ६५७ रुग्णांच्या चाचणीत असा ठळक फरक आढळला नाही. नुसती वही हाती देऊन भागत नसावं; ती कुणाबरोबर बसून, कशी वाचली जाते याने फरक पडतो, असं मला माझ्या कामावरून वाटतं.

आर्ट थेरपी हा शब्द रुळला तोही छातीच्या आजारातून. चित्रकार एड्रियन हिल क्षयासाठी इंग्लंडमधल्या एका आरोग्यधामात पडून होते. तिथे स्वतः चित्रं काढत आणि इतर रुग्णांना काढायला लावत त्यांनी १९४२ मध्ये हा शब्द वापरला. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्याच्या हाती काहीतरी करायला देणं, ही या उपचाराची मूळ प्रेरणा. या बाईंच्या हातात पट्टी आणि खडू आल्यावर मला ती पुन्हा दिसली.

लिहिणं

पट्टी पुरी झाल्यावर आघातावरच्या थेट उपचाराची मागणी त्यांच्याकडूनच आली. आम्ही लिखित एक्स्पोजर निवडलं. पाच सत्रं, प्रत्येकात अर्धा तास हाताने लिहायचं, त्याच एका प्रसंगाबद्दल, घडलं ते आणि तेव्हा वाटलं ते. २०१८ मधल्या १२६ जणांच्या अभ्यासात ही छोटी पद्धत बारा सत्रांच्या प्रस्थापित उपचारापेक्षा कमी ठरली नाही, आणि मधेच सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण इथे ६ टक्के तर तिथे सुमारे ४० टक्के होतं.

हे काम मुद्दाम खोलीत केलं, दार बंद करून. ज्या लिखाणाने हुंदके येणार, त्यासाठी उघडी जागा सुरक्षित नाही. लिहून झालं की आम्ही खांबापर्यंत चालत जायचो.

काय बदललं, काय राहिलं

शेवटच्या मोजणीत पीसीएल-५ चे गुण ४४ वरून २३ वर आले, पीएचक्यू-९ चे १६ वरून ८ वर. त्या पुन्हा पूर्ण वेळ शिकवू लागल्या. कुशीवरून पाठीवर वळल्या तरी आता जाग येत नाही. त्या नर्सला त्यांनी एक पत्र लिहिलं. ते पाठवायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही आणि त्यांना घाई नाही.

याचं श्रेय कशाला, हे एका प्रकरणातून सिद्ध होत नाही. औषध चालू होतं. फुप्फुसं सुधारत होती. सकाळच्या उजेडात नियमित चालण्याने झोपेचं घड्याळ जागेवर आलं असेल. लिखित एक्स्पोजरचा वाटा मला सर्वांत मोठा वाटतो, कारण गुणांतली मोठी घसरण त्याच आठवड्यांतली आहे. पण पहिल्या भेटीत तेच सुरू केलं असतं तर दुसरी भेट झाली नसती, याबद्दल मला शंका नाही.

श्वासाकडे आम्ही परत गेलो नाही. त्याची गरज पडली नाही. सजगता शिकायची तर श्वासापाशी यावंच लागतं, हा आग्रह मला मान्य नाही.

राहिलेली मोठी अडचण दंतवैद्याची आहे. पाठीवर आडवं होणं, तोंडात उपकरण, बोलता न येणं : तिन्ही गोष्टी एकदम. दाढेचं काम त्या आजारापूर्वीपासून पुढे ढकलत आहेत. त्याची तयारी म्हणून आणखी दोन भेटी ठरल्या आहेत. दंतवैद्याला आधी चिठ्ठी द्यायची, खुर्ची अर्धवटच आडवी ठेवायची, हात वर झाला की काम थांबवायचं, आणि पहिल्या वेळी तोंडात काहीही न घालता फक्त पाच मिनिटं खुर्चीवर बसून यायचं.